बजरंगचे दोन पाटे

व्यंकटीच्या दुकानाला नावाची पाटी नाही. नांदेड सोडून लातूरच्या दिशेनं निघालं की डाव्या हाताला टायरवाल्यांची ओळ लागते. ती संपली की पत्र्याची एक शेड, आत बाबासाहेबांची तसबीर, भट्टी, ऐरण आणि भिंतीला टेकवलेले वाकडे पोलादी पाटे. ट्रकच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात आणि गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर बसतं. त्याच पट्ट्यांना पाटे म्हणतात. बसलेला पाटा तापवून, ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायची, मोडलेला काढून दुसरा घालायचा, हे त्याचं काम. उमरीहून तो तरुणपणी नांदेडला आला, एका उस्तादाच्या हाताखाली अकरा वर्षं घण मारला आणि मग ही शेड टाकली. आता एकसष्टी ओलांडली आहे.

गाडी घ्यायच्या आधी लोक त्याच्याकडे येऊन बसतात. शोरूमवाला गाडी विकून मोकळा होतो. ती दोन वर्षांनी कुठं खचली आणि का खचली, हे पाटेवाल्यालाच दिसतं. व्यंकटी तीनच गोष्टी विचारतो. माल काय, दिवसाला किती, आणि रस्ता कसा. मग सांगतो. किराणा, भाजी, दूध असं थोडं थोडं दारोदार पोचवायचं असेल तर छोटी गाडी. तिला गल्ली चालते, बांध चालतो, हलक्या गाडीचा परवाना पुरतो. रोज चार-पाच टन माल एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात न्यायचा तर मधली, सहा चाकांची. आणि हैदराबाद-पुण्याच्या फेऱ्या असतील, जाताना आणि येताना दोन्ही वेळा माल मिळायची खात्री असेल, तरच मोठी, दहा-बारा चाकांची. ती रिकामी उभी राहिली की मालकाला झोप लागू देत नाही.

पूर्वी त्याच्याकडे चौथंही एक उत्तर होतं. छोटीच घे, मी पाटे वाढवून देतो. गेली तेरा वर्षं तो हे उत्तर देत नाही.

इकडं माल भरायची एक जुनी पद्धत आहे. मजूर गाडी भरत असतात आणि मालक मागच्या चाकापाशी उकिडवा बसतो. टायर आणि वरचा हौदा यांच्यामधल्या फटीत तो हाताची बोटं घालून बघतो. रिकाम्या गाडीत तिथं वीतभर जागा असते. माल चढेल तशी गाडी बसते आणि फट कमी होते. चार बोटं आडवी जेमतेम बसायला लागली की मालक ओरडतो, "बास!" वजनकाट्यावर जायची कुणाला गरज वाटत नाही. पन्नास वर्षं लोकांनी असाच माल भरला आणि फार बिघडलं नाही, कारण गाडी खोटं बोलत नव्हती. जादा पाटे टाकले की ती खोटं बोलायला लागते. माल दुप्पट होतो, तरी बोटांना फट तेवढीच लागते.

बजरंग अर्धापूरच्या पुढच्या एका गावचा केळीवाला. तिशी-बत्तिशीचा, निळ्या चौकटीचा शर्ट घालणारा आणि आल्या आल्या भट्टीवर बिडी पेटवणारा. नवी कोरी छोटी गाडी घेऊन तो थेट व्यंकटीच्या दारात आला होता.

"उस्ताद, गाडी दोन टनाची हाय आन् माल चार टनाचा. मधलं तुमी बघा."

"मधलं म्हणजे मधली गाडी घ्यायची होती की मग."

"मधली बागंत घुसत न्हाई. बांधावरच अडकती. मंग तिथनं रस्त्यापर्यंत घड डोक्यावर कोण वाहील? तुमी?"

"माझ्या डोक्यावर आधीच केसं कमी हायेत, बाबा."

"म्हणून तर म्हणून राहिलो. दोन दोन पाटे टाका दोन्हीकडं. सगळेच टाकून राहिलेत."

सगळेच टाकत होते, हे खरं होतं. व्यंकटीनं दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले. काम सुबक झालं. बजरंगनं मागं उकिडवं बसून फटीत हात घातला, अख्खा पंजा आत-बाहेर केला आणि म्हणाला, "अरे व्वा. शेळीला बैलाची कंबर लावली की उस्ताद."

व्यंकटी हसला. त्याचा स्वतःचा उस्ताद हयात असता तर हसला नसता. म्हातारा नेहमी सांगायचा, "पाटा बढाया तो बिरेक को भी पूछ लेना रे." ओझं पाटे पेलतात, पण थांबवायचं काम ब्रेकचं आहे, आणि ब्रेक दोन टनांचेच राहतात. हे व्यंकटीला माहीत होतं. त्या दिवशी तो ते बोलला नाही, एवढंच. बजरंग घाईत होता, दुपारची वेळ होती, मागं आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. पुढं कितीतरी वेळा त्यानं ही कारणं मनात मांडून पाहिली. एकही कारण उभं राहिलं नाही.

आठ महिन्यांनी, चैत्रात, लातूरला केळी घेऊन जाताना अहमदपूरच्या अलीकडच्या एका उतारावर बजरंगची गाडी वळण न घेता सरळ खालच्या शेतात गेली आणि उलटली. सकाळचे आठ वाजले होते. रस्ता मोकळा, ऊन लख्ख. बजरंग जागेवरच गेला. समोरून कुणी नाही, आडवं काही नाही, मग गाडी गेली कशी? लोकांनी दोन दिवसांत उत्तर काढलं. डुलकी लागली.

चौथ्या दिवशी क्रेनवाल्याचा व्यंकटीला फोन आला. "उस्ताद, एक गाडी पडलीय. सगळी भंगार झाली, पण पाटे एकदम कडक हायेत. घेऊन जा." जुने चांगले पाटे विकत घेणं हा त्याच्या धंद्याचा भागच होता. कुणाची गाडी हे त्यानं विचारलं नाही. तो बसनं गेला.

ढाब्यामागच्या पडीक जागेत गाडी कुशीवर पडली होती. केबिनचा टप चेपून सपाट झालेला, चेसीस पिळलेली. आणि पाटे जसेच्या तसे, त्यानं दिलेल्या कमानीत, त्याच्या घणाच्या खुणांसकट. गाडी कुणाची ते त्याला पाट्यांवरूनच कळलं. मग त्याची नजर चाकाच्या आतल्या ब्रेकच्या ड्रमवर गेली. ड्रम निळा पडला होता. कडेला जांभळी झाक, आत काळा जळका थर.

आयुष्यभर विस्तवापाशी बसलेल्या माणसाला लोखंडाचा रंग वाचायला शिकवावा लागत नाही. लोखंड इतकं निळं पडायला किती तापावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. झोपलेल्या माणसाचा ड्रम थंड असतो. हा माणूस जागा होता. अख्ख्या उतारावर, वरपासून खालपर्यंत, अंगातला सगळा जोर लावून तो ब्रेक दाबत होता, आणि गाडी ऐकत नव्हती. सव्वाचार टन माल दोन टनांच्या ब्रेकला जुमानत नव्हता.

पाटे न घेता व्यंकटी परत आला. दहाव्याला तो बजरंगच्या गावी गेला. मांडवात जो तो डुलकीचंच बोलत होता. एका कोपऱ्यात बजरंगची बायको कस्तुराबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दहा वर्षांचा मुलगा शेजारी. व्यंकटी पाणी प्याला, हात जोडले आणि उठला. तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून बजरंग येतो.

रात्री नाही. रात्री व्यंकटीला झोप लागते. तो येतो दुपारी एक-दीडला, वाहतूक विरळ होते आणि टायरवाले जेवायला बसतात तेव्हा. शेडसमोर भरलेली गाडी उभी असली की तिच्या मागच्या चाकापाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसतं. निळ्या चौकटीची पाठ. हात फटीत घातलेला. व्यंकटी घण खाली ठेवतो, डोळे पुसतो, पुन्हा बघतो. कधी तो त्या गाडीचा क्लीनर असतो. कधी कुणीच नसतं. पण कुणी नसलं तरी केळीच्या चिकाचा तुरट वास शेडमध्ये बराच वेळ राहतो आणि त्या दिवशी व्यंकटीच्या हातून एखादा पाटा हमखास जास्त तापतो.

त्याची बायको सरजाबाई जेवणाचा डबा घेऊन येते. तिनं यंदाच एकदा त्याला बोलताना पकडलं.

"कुणाशी बोलून राहिलात?"

"गिऱ्हाईक होतं."

"मला तर कुत्रं बी दिसंना."

"गेलं ते."

"असलं गिऱ्हाईक तेरा वर्षं येऊन राहिलंय. एकदा त्याचं काम तरी करून टाका," सरजाबाई म्हणाली. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, पण डबा उघडताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यांची मुलगी लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडे जायचं तर व्यंकटी परभणी-परळीचा वळसा घालून रेल्वेनं जातो. "नाना, अहमदपूरवरून बसनं तीन-साडेतीन तासांत याल की हो," ती दर वेळी म्हणते. तो म्हणतो, बस लागते. चाळीस वर्षं धूर खाल्लेल्या माणसाला बस लागते, हे लुंबिनीला पटत नाही. पण ती ताणत नाही.

यंदा दसऱ्याला आठ-दहा दिवस राहिले होते. दुपार होती. शेडसमोर सिमेंटची एक गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या चाकापाशी तो बसला होता. व्यंकटीनं डोळे पुसले. तो गेला नाही. व्यंकटीनं मान फिरवून शंभरपर्यंत मोजलं आणि पुन्हा पाहिलं. तो उठला, हात पँटला पुसले आणि बजरंगच्याच चालीनं, डावा खांदा किंचित पाडून, सरळ शेडमध्ये आला. व्यंकटीच्या हातातली सांडशी खाली पडली.

"मामा, भ्यालात काय? मी सत्यम. अर्धापूरकडचा. बजरंग माझे वडील."

व्यंकटीनं त्याला बसायला घमेलं पालथं घालून दिलं. मुलगा तेविशीचा झाला होता. शर्ट पांढरा होता. खिशातून त्यानं तीन शोरूमचे कागद काढून ऐरणीवर पसरले.

"दसऱ्याला गाडी घ्यायचीय. छोटी, मधली, मोठी, तिन्ही बघून आलो. मोठीवाला तर सोडंचना, म्हणला तुमी हैदराबाद गाठा. मी म्हणलो, बाबा, मला लातूर गाठलं तरी बास."

"माल काय?" व्यंकटीनं सवयीनं विचारलं.

"केळीच. घरची आन् शेजारच्या दोघांची. दिवसाआड चार टन."

"मग मधली."

"मधली बागंत शिरत न्हाई मामा. बांधावर अडकती." अगदी तेच शब्द. व्यंकटीनं भट्टीकडे पाहिलं. "म्हणून छोटीच घेतो. परवाना बी हाय माझ्याकडं. तुमी फक्त दोन दोन पाटे वाढवून द्या. बाबांच्या गाडीला तुमीच टाकले होते ना? आमच्या गावात अजून नाव काढतेत. म्हणतेत, गाडीचा चुरा झाला, पण पाटे वाकले न्हाईत."

"मी जादा पाटे टाकत नाही."

"का?"

"वय झालं. घण उचलत नाही."

आत्ताच तर घण चालला होता. सत्यमनं तो पाहिला होता, पण मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही म्हणून तो हसला. "बरं. मंग पुढच्या चौकातून टाकून घेतो. ते तर अर्ध्या तासात टाकून देतेत." त्यानं कागद गोळा केले. "आई गाडीच नको म्हणत होती. तिला शब्द दिलाय, रातच्याला पुरा झोपून मगच स्टेअरिंगला हात लावीन. बाबांसारखी डुलकी घेणार न्हाई."

तो उठला. शेडच्या दारापर्यंत गेला. मागून त्याचा खांदा, त्याची मान, सगळं तेच. व्यंकटीला एवढंच कळलं की आज जिभेला गाठ मारली तर उद्यापासून दुपारी दोघं येतील.

"सत्यम. थांब. डुलकी नव्हती ती."

सत्यम वळला.

व्यंकटीनं उभ्यानंच सांगितलं. पाटे, फट, चार बोटं, उतार, निळा ड्रम. कोपऱ्यात पडलेला एक जुना निकामी ड्रम उचलून त्यानं त्याच्यावरचा निळा डाग बोटानं दाखवला. हे असं. याच्यापेक्षा गडद. बोलताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही, की तुटला नाही. गाडी आपण पाहिली ते, आणि दहाव्याला येऊन काही न बोलता गेलो ते, दोन्ही त्यानं सांगितलं.

सत्यमनं पहिल्यांदा एवढंच विचारलं, "जागे होते?"

"जागे होते. शेवटपर्यंत."

"आन् तुमाला ठावं होतं."

"हाव."

सत्यमचा हात ड्रमवर होता. आता हा ड्रम उचलून डोक्यात घालणार, असं व्यंकटीला वाटलं, आणि तसं वाटूनही तो बाजूला झाला नाही. सत्यमनं ड्रम हळूच खाली ठेवला.

"बसा मोटरसायकलवर," तो म्हणाला.

"कुठं?"

"आईकडं. मी न्हाई सांगणार तिला. तुमी सांगायचं. आत्ताच."

सरजाबाई डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. नवरा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून चालला आहे, हे तिनं पाहिलं. तिनं हाक मारली नाही.

कस्तुराबाई बागेच्या तोंडाशी वाळलेली पानं कापत होती. व्यंकटीला तिनं ओळखलं. "पाटेवाले ना तुमी?" म्हणाली. हातातला विळा न ठेवताच ती बांधावर बसली. व्यंकटी समोर उभा राहून बोलला. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते गेलं नाही.

त्याचं बोलणं संपलं तेव्हा ती केळीच्या बुंध्याकडे बघत होती.

"त्याच्या आदल्या राती माझ्या भावाच्या घरी गोंधळ होता," ती म्हणाली. "ते येत नव्हते. सकाळी माल घेऊन जायचंय म्हणत होते. मीच हट्ट केला. बहिणीचा मान असतो, चला म्हणलं. रातभर बसले माझ्यासाठी. तिथनंच सकाळी गाडीवर गेले."

व्यंकटीला हे माहीत नव्हतं. तो खाली बसला.

"सासूनं मरेस्तोवर हेच ऐकवलं. गोंधळानं माझा पोरगा खाल्ला म्हणायची. माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. दोन वर्षं झाली तिला जाऊन." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तिला आता कोण सांगणार? तुमी सांगता?"

वारा नव्हता, तरी बागेत कुठंतरी सुकलेलं पान घासल्याचा आवाज येत होता. जणू आत कुणीतरी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात होतं. तिघांनाही तो ऐकू आला.

"वहिनी, माझी चूक..."

"ते ऱ्हाऊ द्या," कस्तुराबाई मधेच म्हणाली. "माफी-बिफी मला कळत न्हाई. तुमच्याशी मी गोड बोलणार बी न्हाई. पोराला गाडी घ्यायचीय. कोणती घ्यायची ते सांगा आन् मंगच जा."

"मधली," व्यंकटी म्हणाला. "सहा चाकांची. तिला चार टन म्हणजे काहीच नाही. अजून दीड-दोन टन वर चढलं तरी ब्रेक धरतात. मोठी नको, तिच्यापुरता माल तुमच्याकडं नाही. माल शोधत ती याला रस्तोरस्ती फिरवील. छोटी तर नकोच. आणि बोटांनी मोजायचं नाही. दर खेपेला वजनकाट्यावर न्यायची."

"परवाना?" सत्यमनं विचारलं.

"काढ. तोवर ड्रायव्हर ठेव."

"आन् बांधाचं काय? आत शिरत न्हाई ती."

व्यंकटीनं बांधाकडे पाहिलं. गाडी बागेत शिरेल का, हे त्याच्या तीन प्रश्नांमध्ये कधी नव्हतं, आणि खरं तर सगळं इथंच अडत होतं. बजरंगनंही हेच विचारलं होतं, आणि तेव्हा त्यानं गाडीची कंबर वाढवून दिली होती.

कस्तुराबाई उठली. "बांध तसाच ऱ्हाऊ द्या. ह्या कडेच्या दोन ओळी काढू. वाट होईल."

"आई, निसवून राहिलेत झाडं. तीन-चार महिन्यांत घड मिळतील."

"मिळतील. मंग?"

ती व्यंकटीकडे वळली. "सहा चाकाच्या गाडीला किती वाट लागती?"

"बारा फूट. वळणावर जास्त."

"मोजून द्या."

व्यंकटीनं चपला काढल्या आणि बांधाच्या तोंडापासून एकेक पाऊल मोजत बागेत शिरला. प्रत्येक दहा पावलांवर तो थांबायचा, आडवं माप घ्यायचा आणि एखाद्या बुंध्यावर हात ठेवायचा. मागून येणारी कस्तुराबाई त्या बुंध्यावर विळ्यानं खूण करायची. वळणापाशी तिनं एक झाड वाचवता येतं का म्हणून विचारलं. शेंड्यातून नुकतंच केळफूल बाहेर पडलेलं, उभ्या बागेतलं सगळ्यात जोमाचं झाड होतं ते.

"नाही," व्यंकटी म्हणाला. "मागचं चाक इथून जाणार."

ती त्या झाडापाशी क्षणभर उभी राहिली. मग तिनं विळा सत्यमच्या हातात दिला आणि बाजूला झाली.